जर्मनीत ट्राम आणि लोकल गाडीनं फिरायचं कसं: एका नागपुरी टीसीनं लिहिलेलं

मी 31 वर्षं रेल्वेत टीसी होतो, त्यातली बहुतेक नागपूर विभागात गेली. लेक कार्ल्सरुहं शहरात नोकरीला लागल्यापासून दोनदा तिच्याकडे तीन-तीन महिने राहून आलो. तेव्हापासून आमच्या मनीषनगरातलं कोणाचं पोरगं शिकायला जर्मनीला निघालं की आईबाप त्याला माझ्याकडे धाडतात. जेवणाच्या टेबलावर कॅलेंडरचं जुनं पान पालथं घालून मी त्याला जे काढून दाखवतो, तेच इथे लिहितो आहे.

गाडीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे हे पाहत बसू नका, तिथेच नवा माणूस गोंधळतो. बर्लिनमध्ये ट्राम, बस आणि भुयारी गाडी बीव्हीजी चालवते, पण त्याच शहरातली एस-बान, म्हणजे तिथली लोकल, डॉइच बान या सरकारी रेल्वे कंपनीच्या एका उपकंपनीकडे आहे. कोलोनला केव्हीबी, ड्युसेलडॉर्फला राइनबान, स्टुटगार्टला एसएसबी. गावोगावच्या लोकल गाड्यांवर कुठे डीबी रेगिओ तर कुठे नॅशनल एक्सप्रेस. 1996 पासून या लोकल गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे गेली. तेव्हापासून राज्यं आणि त्यांनी नेमलेल्या संस्था ठरवतात कुठे किती गाड्या हव्यात, त्यासाठी निविदा काढतात आणि ज्याला कंत्राट मिळेल तो गाडी चालवतो. म्हणून रंग वेगळे, नावं वेगळी.

तिकीट मात्र त्या भागातल्या 'फेरकेअर्सफरबुंड'चं असतं. सगळ्या वाहतूक कंपन्यांचा मिळून केलेला हा संघ. पहिला हॅम्बुर्गला 1965 साली झाला. आपल्याकडे नागपुरात सीताबर्डीला मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जाताना तिकीट बदलावं लागत नाही, कारण दोन्ही महामेट्रोच्याच. पण खाली उतरून आपली बस पकडली की नवं तिकीट, आणि अजनीहून पॅसेंजर धरली की आणखी एक. तिकडे संघाच्या हद्दीत एकच तिकीट ट्रामला, बसला, एस-बानला आणि लोकल गाडीला चालतं. पाहायच्या फक्त दोन गोष्टी: झोन, म्हणजे भाड्यासाठी पाडलेला पट्टा, कोणता आणि मुदत किती. बर्लिनचं एबी झोनचं साधं तिकीट दोन तास चालतं, एकाच दिशेनं. परतीला ते वापरता येत नाही. आणि बर्लिनचा विमानतळ सी झोनमध्ये आहे, एबीच्या तिकिटावर तिथे गेलात तर विनातिकीट धरले जाल. आपली मराठी पोरं उतरल्या उतरल्या इथे चुकतात, म्हणून एबीसी झोनचं तिकीट काढा हे मी कागदावर दोनदा गिरवून देतो.

आता फलकांवरची आणि गाड्यांच्या नावातली अक्षरं. निळ्या चौकोनात यू म्हणजे ऊ-बान, भुयारी गाडी. हिरव्या गोलात एस म्हणजे एस-बान, आपल्या मुंबई लोकलची बहीण. पिवळ्या गोलात हिरवं एच म्हणजे ट्रामचा किंवा बसचा थांबा. आरबी म्हणजे प्रत्येक ठेसनावर थांबणारी पॅसेंजर, आरई त्याहून जलद. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या, त्यांचं तिकीट वेगळं. मध्येच 'श्टाटबान' हा शब्द भेटेल. ती ट्रामच, पण गावाच्या पोटात भुयारातून जाते आणि बाहेर आपल्या राखीव रुळांवरून. कोलोनच्या 16 आणि 18 नंबरच्या गाड्या अशाच थेट बॉनपर्यंत जातात.

कार्ल्सरुहंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रेल्वेत उमर गेलेल्या माणसाला तिथे जे पाहायला मिळालं ते दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. तिथे एस4 ही ट्रामसारखी गाडी बाजारपेठेखालच्या भुयारातून निघते, मग रस्त्यावर येते, आणि थोड्या वेळानं बघावं तर तीच गाडी मोठ्या रेल्वेच्या रुळांवर, मालगाड्यांच्या शेजारून, ब्रेटन गावाकडे धावत असते. ट्रामनं असं रेल्वेच्या रुळांवर जाणं 1992 साली सुरू झालं. गावात तारेत 750 व्होल्टचा डीसी प्रवाह आणि रेल्वेच्या तारेत 15,000 व्होल्टचा एसी. मधे बिनविजेचा तुकडा आहे, आपल्या न्यूट्रल सेक्शनसारखा. गाडी तेवढा पार करते आणि आतली यंत्रणा प्रवाह बदलून घेते. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा फक्त ते पाहायला गेलो. आपल्या मेट्रोच्या तारेत आणि मध्य रेल्वेच्या तारेत प्रवाह एकच आहे, 25,000 व्होल्ट. पण मेट्रोचे रूळ 1435 मिलिमीटरचे आणि रेल्वेचे 1676 चे, त्यामुळे खापरीची मेट्रो बुटीबोरीच्या रेल्वेरुळावर जाऊच शकत नाही. त्यांच्याकडे रूळ एकाच मापाचे होते, अडचण विजेची होती, आणि ती त्यांनी गाडीच्या आत सोडवली. प्रवाशाला याचा फायदा काय? ब्रेटनचा माणूस कुठेही न उतरता थेट बाजारात पोचतो. तुमचं कॉलेज तिकडे असेल तर खोली शहरातच हवी असा हट्ट करू नका. एस गाडीच्या वाटेवरचं गाव शोधा, सहसा भाडं कमी पडतं.

शिक्क्याचं आता नीट वाचा. तिकडे ठेसनात शिरायला फाटक नसतं, आपल्या मेट्रोसारखं तिकीट दाखवून उघडणारं एएफसी गेट नसतं, कोणी अडवत नाही. कागदी तिकीट काढलं की बऱ्याच शहरांत ते फलाटावरच्या किंवा गाडीतल्या छोट्या डब्यात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. एका शहरात मी आणि आमच्या सौ. तिकीट खिशात ठेवून बसलो. साध्या कपड्यातला एक तरुण उठला, ओळखपत्र दाखवलं आणि तिकीट मागितलं. शिक्का नव्हता. दोघांचे मिळून 120 युरो भरले. मला फार लागलं ते, पण त्या मुलाशी मी वाद घातला नाही. शिक्का नसलेलं तिकीट उद्याही वापरता येतं, म्हणून नियमानं ते विनातिकिटासारखंच धरतात, आणि त्याच्या जागी मी असतो तर पावती मीही फाडली असती. तुम्ही तिकिटावर 'बिट्टे एंटवेर्टन' अशी ओळ आहे का पाहा. असेल तर बसायच्या आधी शिक्का. मोबाइलवरचं तिकीट गाडीत चढण्याआधी काढलेलं हवं, तपासनीस दिसल्यावर काढलेलं चालत नाही.

रोज फिरणार असाल तर डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास घ्या. 1 मे 2023 ला ते 49 युरोला सुरू झालं, 2025 ला 58 झालं, आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. देशभरातल्या ट्राम, बस, ऊ-बान, एस-बान, आरबी आणि आरई त्यावर चालतात. आयसीईत ते चालत नाही. म्हणून फ्रँकफुर्टला उतरलात आणि हातात हा पास असला तर विमानतळावरच्या लांब पल्ल्याच्या ठेसनाकडे जाऊ नका, टर्मिनल 1 खालच्या रेगिओनालबानहोफवर, म्हणजे लोकल गाड्यांच्या ठेसनावर, या. तिथून एस8 किंवा एस9 शहराच्या मुख्य ठेसनावर नेते. हा पास वर्गणीसारखा आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतो. बंद करायचा तर महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच समजा. विद्यार्थ्यांनो, तो विकत घेण्याआधी कॉलेजला विचारा. बऱ्याच विद्यापीठांत हाच पास 60 टक्के किमतीत सेमिस्टरच्या फीसोबतच मिळतो, आणि पोरं दोनदा पैसे भरून बसतात.

आरई गाडीत बसताना फलकावर शेवटचं ठेसन वाचाच, शिवाय डब्यावर लिहिलेलंही वाचा. काही गाड्या वाटेत तुटतात, पुढचे डबे एका गावी आणि मागचे दुसऱ्या. आपल्याकडे वाटेत सोडून दुसरीकडे नेले जाणारे स्लिप कोच असायचे, साधारण तसंच. ट्रामचं दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, बटण दाबा. फलकावर 'फेल्ट आउस' दिसलं की गाडी रद्द. 'एसईव्ही' दिसलं की रुळाचं काम चालू आहे, गाडीऐवजी बस आहे, आणि ती बस ठेसनाच्या दारात असेलच असं नाही. बाण बघत जा आणि हाताशी अर्धा तास ठेवा.

आणि नावाचा पास खोलीवर विसरून गाडीत पकडले गेलात तर घाबरून पूर्ण 60 युरो भरून मोकळे होऊ नका. तपासनिसाकडून कागद घ्या आणि आठवड्याच्या आत त्यांच्या ग्राहक कार्यालयात जाऊन पास दाखवा. त्या दिवशी तो चालू होता हे सिद्ध झालं की 7 युरोत काम होतं.