सेल्फ-क्लीन ओव्हन बिघडवणाऱ्या चुका : या टाळा

सांगली, मिरज आणि कुपवाड भागात मी ओव्हन दुरुस्तीची कामे करतो. ज्या घरांतून बोलावणे येते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत ओव्हन वापरताना बिघडलेला नसतो, तर तो साफ करताना बिघडवलेला असतो. ‘स्वतःच साफ होणारा’ म्हणून जो ओव्हन चार पैसे जास्त मोजून आणला, त्याची ही अवस्था पाहून आता हसूही येत नाही.

मुळात आपल्या घरातला ओव्हन कोणत्या प्रकारे साफ होतो, हेच पुष्कळांना माहीत नसते. दुकानात ‘सेल्फ-क्लीन’ हे एकच नाव तीन निरनिराळ्या सोयींना दिले जाते. पायरोलिटिक ओव्हनमध्ये आतली पोकळी ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, दार आपोआप कुलूपबंद होते आणि चिकटलेल्या तेलातुपाची राख होते. कॅटॅलिटिक ओव्हनमध्ये बाजूंना खरखरीत लेप दिलेले राखाडी पत्रे असतात आणि ओव्हन २०० अंशांच्या वर तापला की त्या लेपात शोषलेले तेल हळूहळू जळून जाते. तिसऱ्या प्रकारात तळाशी पाणी ओतून वाफ करायची असते. त्या वाफेने मळ फक्त नरम होतो, पुसण्याचे काम आपल्याच हाताला करावे लागते. मिरजेच्या एका घरी कॅटॅलिटिक पत्र्यांचा खरखरीतपणा म्हणजेच मळ असे समजून ते पत्रे तारेच्या घासणीने चकचकीत होईपर्यंत घासले होते. पत्रे सुंदर दिसत होते, पण लेप खरवडून गेल्यामुळे त्यांचा उपयोग संपला होता. अशा पत्र्यांना साबण, सोडा, घासणी यांपैकी काहीही लावू नये. ओव्हन रिकामा ठेवून तासभर २५० अंशांवर चालवावा आणि तळ व दार, जिथे हा लेप सहसा नसतो, तेवढे ओल्या फडक्याने पुसावे.

आता माझ्या सर्वांत नावडत्या चुकीकडे वळतो. ती म्हणजे ऐन सणाच्या तोंडावर पायरोलिटिक सफाई लावणे. ही सफाई दोन ते चार तास चालते आणि थर्मल फ्यूज (अति तापल्यास वीज तोडणारा भाग), दाराच्या कुलपाची मोटर, सर्किट बोर्ड या सगळ्यांची खरी परीक्षा त्याच वेळी होते. जो भाग वर्षभर कुरकुरत असतो, तो नेमका त्या दिवशी मान टाकतो. काही वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेनऊला सांगलीच्या विश्रामबागेतून फोन आला. “काका, दार लॉक झालंय ते उघडंना झालंय, आणि उद्या आठ किलो नानकटाई द्यायची आहे.” त्या ताई घरून नानकटाईच्या ऑर्डरी घेत असत. मोठे काम सुरू करण्याआधी ओव्हन लख्ख असावा म्हणून त्यांनी संध्याकाळी सफाई लावली होती आणि दीड तासाने वीज गेली. घरातल्या इन्व्हर्टरने एवढा भार उचलणे शक्यच नव्हते. वीस मिनिटांनी वीज आली, परंतु ओव्हनच्या पडद्यावर नुसते घड्याळ लुकलुकत राहिले आणि दार बंदच होते.

इथपर्यंत काहीही बिघडले नव्हते. पोकळी पुरेशी थंड झाल्याखेरीज कुलूप सुटत नाही, अशी त्या यंत्राची रचनाच असते, आणि ती आपल्याच हातांच्या रक्षणासाठी केलेली असते. परंतु घरातल्या एका उत्साही तरुणाने दाराच्या फटीत उलथणे घालून जोर लावला. मी पोहोचलो तेव्हा कुलपाचा आकडा वाकलेला होता, दाराभोवतीची दोरी (उष्णता आत रोखणारे सील) एका जागी फाटली होती आणि उलथण्याचा लाकडी दांडा तेवढा शाबूत होता. आत जाळ्या तशाच राहिल्या होत्या. त्यांची चकाकी जाऊन त्या निळसर-काळपट झाल्या होत्या. आठ किलो नानकटाई शेवटी शेजारणीच्या ओटीजीमध्ये (ओट्यावर ठेवायच्या छोट्या ओव्हनमध्ये) रात्रभर जागून भाजली गेली, आणि आकड्याचा सुटा भाग दिवाळी उलटून गेल्यावर मिळाला.

अशा वेळी मी स्वतः काय करतो ते सांगतो. ओव्हनचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करतो, चहा घेतो आणि तास-दीड तास ओव्हनकडे पाहतही नाही. काच हाताला गार लागू लागली की एमसीबी पुन्हा चालू करून घड्याळाची वेळ लावतो. बहुतेक वेळा कुलपाची मोटर खर्रर्र आवाज करून आकडा मागे घेते. नाहीच घेतला, तर दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलवावे. उलथणे पोळीसाठी असते. सफाई लावायचीच असेल, तर सणाच्या निदान पंधरा दिवस आधी, दिवसाउजेडी, घरात कोणीतरी जागे असताना लावावी. तिच्या आधी जाळ्या, ट्रे आणि बाजूच्या पट्ट्या बाहेर काढाव्यात आणि तळाशी साचलेले तेल-तूप पुसून घ्यावे, कारण ५०० अंशांजवळ साचलेल्या तुपाची राख होण्याआधी ते पेट घेऊ शकते. काळवंडलेल्या जाळ्या नंतर खाचेत अडकू लागतात. त्यांच्या कडांवरून खाद्यतेलाचे बोट फिरवले की त्या पुन्हा सरकतात, मात्र गेलेली चकाकी परत येत नाही.

दुसरी लाडकी चूक ही खास आपल्या भागातली आहे. भडंगाचे चुरमुरे सादळले की ते कन्व्हेक्शनवर, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून, कुरकुरीत करायचा मोह अनेकांना होतो. चुरमुरा वजनाने जवळजवळ काहीच नसतो आणि पंख्याचा झोत त्याला सहज उडवतो. एका घरी “पंखा खडखडतो” म्हणून गेलो आणि मागची जाळी उघडली, तर पंख्याच्या पात्यांत जळून कोळसा झालेले चुरमुरे, लसणाची सालपटे आणि कढीपत्ता असा पूर्ण भडंगच सापडला. सफाईच्या वेळी हाच कचरा धुमसतो आणि घरभर धूर होतो. चुरमुरे शेकायचे असतील तर पंखा बंद ठेवून फक्त वरखालच्या हीटरवर, कमी आचेवर शेकावेत. खडखड ऐकू आली तर प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर मागची जाळी पाहावी. स्क्रू एका वाटीत ठेवावेत, कारण ते हरवल्यावर दिले जाणारे दोष नेहमी मेकॅनिकच्याच वाट्याला येतात.

वाफेच्या सफाईसाठी बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडच्या बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते आणि दोन-चार वेळांत तळावर पांढरा थर धरतो. घरात आरओ असेल तर ते पाणी वापरावे. थर धरलाच, तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने पुन्हा पुसावे. लिंबू किंवा व्हिनेगर रात्रभर मुरवत ठेवण्याचे जे उपाय सांगितले जातात, ते मला मान्य नाहीत, कारण आम्लाने इनॅमलची (आतल्या पत्र्यावरच्या काचेसारख्या थराची) चकाकी उतरते.

कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर पायरोलिटिक ओव्हनच्या आत कधीही मारू नये. त्याचा अंश उरला आणि वर सफाई लावली, तर इनॅमलवर कायमचे डाग पडतात आणि धूर नाकाला झोंबतो. “पाच मिनिटांत चकाचक” अशी ज्याची जाहिरात असते, त्यापासून मी चार हात लांब राहतो. माझी सवय साधी आहे. खाण्याच्या सोड्यात जेमतेम पाणी घालून दाट लेप करायचा, हीटर, पंखा आणि दाराभोवतीची दोरी सोडून रात्री तो लावायचा आणि सकाळी जुन्या पंचाच्या ओल्या तुकड्याने तीन वेळा पुसून घ्यायचा. वेळ लागतो, आणि घाई असलेल्यांनी हे करू नये.

तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरू नये. ते तापून इनॅमलला चिकटते आणि मग छिन्नी लावली तरी निघत नाही. बेदाण्याच्या केकचा पाक तळावर सांडला तर ओव्हन कोमट असतानाच पुसावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. गरम काचेवर ओले फडके ठेवू नये. ब्लेडने काच खरवडू नये. सोळा अँपिअरचा प्लग सैल असेल तर तो आधी बदलावा आणि एक्स्टेंशन बोर्डवर सफाई लावण्याचा विचारही करू नये. घरात लव्हबर्ड असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत, उघड्या खिडकीजवळ न्यावा, आणि नॉन-स्टिक ट्रे तर चुकूनही आत राहू देऊ नये, कारण अति तापलेल्या त्या थराच्या वाफा पक्ष्यांचा जीव घेतात.

उरली दाराभोवतीची दोरी. तिला सगळे ‘रबर’ म्हणतात, परंतु पायरोलिटिक ओव्हनमध्ये ती बहुधा काचतंतूंची विणलेली असते. ती घासू नये, भिजवू नये, उपटून धुऊ नये, नुसते कोरडे फडके हलकेच फिरवावे. ती सैल झाली आहे का हे पाहण्यासाठी मी जुन्या कॅलेंडरच्या पानाची पट्टी दारात धरून दार लावतो आणि पट्टी ओढतो. दाराच्या चारही बाजूंना पट्टी थोडी अडली तर दोरी ठीक आहे, कुठे सुळकन निघून आली तर तिथून उष्णता बाहेर जाते आहे. नवी दोरी मॉडेल क्रमांक सांगितल्याशिवाय मिळत नाही. तो क्रमांक दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि पुसून पुसून तो आधी नाहीसा होतो, म्हणून त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवावा.