छोट्या ऑफिससाठी नॅस, बॅकअप आणि बाहेरून ॲक्सेस: डबा घ्यायच्या आधी काय ठरवायचं

"दोन बेचा नॅस घेऊ की चार बेचा?" कोणीही विचारतं ते इथूनच सुरू करतं. (नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, बे म्हणजे त्यात एक डिस्क बसवायची जागा.) मी आधी उलट विचारतो: उद्या सकाळी ऑफिस उघडलं आणि सर्व्हरवरचं काहीच दिसत नाहीये, तर काम किती तास बंद ठेवलेलं चालेल? आणि डेटा परत आला पण तो काल रात्रीचा आला, म्हणजे आजचं सकाळपासूनचं गेलं, तर चालेल का? ह्या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं, डबा कुठल्या कंपनीचा ह्यावर फारसं काही ठरत नाही. बहुतेक लोक डबा आणतात, शेअर्ड फोल्डर करतात, आणि बॅकअपचं नंतर बघू म्हणतात, ते नंतर म्हणजे डिस्क गेल्यावर.

आता जागेचा हिशोब. सगळ्या पीसींवर मिळून आज किती डेटा आहे आणि गेल्या वर्षभरात किती वाढला ते बघा. समजा आज 800 जीबी आहे आणि वर्षाला 300 जीबी वाढतोय, तर चार वर्षांनी 2 टीबी होईल. वर स्नॅपशॉटला (त्या त्या वेळी फाइली कशा होत्या ते नॅसवरच जपून ठेवणं) जागा लागते, शिवाय डिस्क 80 टक्क्यांच्या वर भरू नये, म्हणून वापरता येणारी जागा 4 टीबीच्या आसपास धरा. (4 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 3.63 दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजायची पद्धत वेगळी आहे.) इतक्यासाठी दोन डिस्क मिररमध्ये टाकल्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, की झालं, त्यालाच रेड 1 म्हणतात (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र एकासारख्या वापरायची पद्धत). जास्त जागा हवी असेल तर चार डिस्क. 4 टीबीच्या चार डिस्क रेड 5 मध्ये 12 टीबी देतात आणि एक डिस्क गेली तरी डेटा राहतो, रेड 6 मध्ये 8 टीबी मिळतात पण दोन गेल्या तरी राहतो. डिस्क मोठ्या असतील तर नवीन डिस्क टाकल्यावर रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर परत उभा करणं) तासन् तास चालतं, बाकीच्या डिस्कवर तेव्हाच सगळ्यात जास्त ताण येतो, त्यामुळे रेड 5 चं मला तरी धाडस होत नाही. डिस्क घेताना ती सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे ना हे डेटाशीटमध्ये बघून घ्या, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क रिबिल्डला फार रडवतात.

आणि हे एकदा नीट डोक्यात बसवा: रेड म्हणजे बॅकअप नाही! कोणी फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातं. व्हायरस, चोरी, आग, व्होल्टेज, ह्यातल्या कशापासूनच रेड वाचवत नाही, ते फक्त एक डिस्क मेली तरी काम चालू ठेवतं. क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरचंही तसंच, इथली घाण तिकडे आपोआप सिंक होते.

नेटवर्ककडे लोक बघतच नाहीत. नॅस वायरने जोडा, वायफायवर नको. गिगाबिटवर सेकंदाला साधारण 110 एमबी मिळतात, म्हणजे 100 जीबीचं फोल्डर पंधरा मिनिटांत जातं. मधे कुठे जुना 100 एमबीपीएसचा स्विच असला तर तेच काम अडीच तासांवर जातं आणि शिव्या नॅसला बसतात. कधीकधी स्विच चांगला असतो पण केबलमधली एखादी जोडी तुटलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात, म्हणून कनेक्शन गुपचूप 100 वर उतरतं, एरर काहीच येत नाही. स्विचवरच्या लाइटचा रंग बघत जा. आणि यूपीएस नॅसला यूएसबीने जोडा म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो, नुसता करंट देऊन उपयोग नाही.

पर्मिशन माणसाच्या नावावर देऊ नका, ग्रुपवर द्या: अकाउंट्स, सेल्स, डिझाइन असे. सगळ्यांना एकच लॉगिन आणि तेही ॲडमिनचं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की काय सांगू. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी गत, कोणी काय डिलीट केलं कधीच कळत नाही.

बॅकअपचा जुना नियम 3-2-1: डेटाच्या मूळ धरून तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट लावा, चुकून डिलीट झालेलं किंवा ओव्हरराइट झालेलं दोन मिनिटांत परत मिळतं (पण स्नॅपशॉट त्याच डब्यात असतात, म्हणून ते ह्या तिघांत मोजायचे नाहीत). मग रोज रात्री यूएसबी डिस्कवर बॅकअप. डिस्क दोन ठेवा आणि आठवड्याला अदलाबदल करा, एक कायम बाहेर. कायम जोडलेली एकच डिस्क ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) नॅसपर्यंत पोचल्यावर तीही जाते. बाहेरच्या कॉपीसाठी क्लाउड वापरणार असाल तर अपलोड स्पीडचा हिशोब आधी करा. 20 एमबीपीएस अपलोडवर 1 टीबी चढायला साडेचार दिवसांच्या वर लागतात, लाइन पूर्ण मोकळी असली तर. पहिली फेरी सुट्टीला जोडून सुरू करा, नंतर रोज फक्त बदललेलंच जातं. क्लाउडवर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून पाठवत असाल तर त्याची की, म्हणजे किल्ली, नॅसवरच ठेवू नका, डबा जळाला की कीसुद्धा जळाली.

अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं वेगळं बघावं लागतं. ते चालू असताना त्याच्या फाइलची नुसती कॉपी घेतली तर ती अर्धवट निघू शकते. त्या सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपची सोय असते, ती रोज ठरलेल्या वेळी चालू द्या आणि त्यातून निघालेली फाइल नॅसच्या बॅकअपमध्ये घ्या.

आणि रिस्टोअर करून बघा. एका ऑफिसमध्ये रोज "बॅकअप सक्सेसफुल" असा मेल यायचा, आठ महिने, सगळे खूष. गरज पडली तेव्हा कळलं की मधे कोणीतरी फोल्डरचं नाव बदललं होतं आणि तेव्हापासून रिकामं फोल्डर इमानेइतबारे बॅकअप होत होतं. तेव्हापासून माझा नियम: महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल परत आणून उघडून बघायची, सहा महिन्यांतून एकदा सगळंच दुसऱ्या मशीनवर उतरवायचं आणि घड्याळ लावायचं. सुरुवातीला ठरवलेले तास खरे होते की नुसतं बोललो होतो ते तिथे कळतं.

आता बाहेरून ॲक्सेस. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून थेट आत यायची वाट काढून) नॅसचं लॉगिन पेज किंवा रिमोट डेस्कटॉपचा (लांबून पीसी चालवायची सोय) 3389 हा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका, प्लीज. 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असे उघडे ठेवलेले हजारो नॅस लॉक केले. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता) लावा, त्यातलं वायरगार्ड सगळ्यात सुटसुटीत, राउटरवर किंवा नॅसवर चालतं. आधी राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि कुठल्याही आयपी दाखवणाऱ्या साइटवरचा आयपी एकच आहे का बघा. वेगळा असेल तर बहुतेक तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (इंटरनेट कंपनी एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटते), बाहेरून थेट येता येणार नाही, मग टेलस्केलसारखं काहीतरी (अशा लाइनवरही जोडून देणारी व्हीपीएन सेवा) घ्या किंवा कंपनीकडे स्टॅटिक, म्हणजे कायमचा स्वतःचा, आयपी मागा. अजून एक भानगड: ऑफिसचं नेटवर्क 192.168.1 वर (म्हणजे आतल्या आयपींची सुरुवात ह्या आकड्यांनी) आणि घरचं पण 192.168.1 वर असेल तर व्हीपीएन जोडूनही नॅस दिसत नाही. ऑफिसला 192.168.37 असं काहीतरी वेगळं देऊन टाका, आत्ताच, नंतर प्रिंटरसकट सगळं बदलत बसावं लागतं.

व्हीपीएनवरून वर्ड, एक्सेल, पीडीएफ आरामात चालतात. पण अकाउंटिंगचा डेटा घरून थेट उघडू नका, भयंकर स्लो होतं आणि मधे लाइन तुटली तर फाइल करप्ट व्हायची भीती. त्यासाठी व्हीपीएनमधून ऑफिसच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप घ्यायचा आणि काम तिथेच करायचं. प्रत्येकाला वेगळी व्हीपीएन की, ॲडमिन लॉगिनला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय अजून एक पडताळणी), आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याची की काढायची. हे काम कोणाचं ते नावानिशी ठरवा आणि ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याशिवाय अजून एकाकडे बंद पाकिटात असू द्या.