कॉम्प्रेसर जाम झाल्यावर कारच्या एसीची लाइन फ्लश कशी करायची

मागच्या मे महिन्यात माझ्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम झाला. गॅरेजवाल्याने नवा टाकला, गॅस भरला, दोन आठवडे मस्त थंड हवा आली आणि मग परत तीच घरघर नि एसी बंद. कारण काय तर जुना कॉम्प्रेसर झिजताना त्याचा जो धातूचा चुरा पाइपात गेला होता तो कुणी काढलाच नव्हता, तोच फिरून नव्यात घुसला. दुसऱ्या वेळी मी एका ओळखीच्या एसी मेकॅनिकबरोबर दिवसभर उभा राहून पूर्ण लाइन साफ करून घेतली, अर्धं काम स्वतः केलं, तेच इथे सांगतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. एसीतून वास येतोय, हवा कमी येतेय, तर तो प्रश्न केबिन फिल्टरचा आणि कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा आहे, त्याला फ्लश, म्हणजे लिक्विड मारून लाइन आतून धुणं, लागत नाही. नुसता गॅस लीक होऊन कमी झाला असेल तर लीक शोधायचा, बस. फ्लश लागतो तो कॉम्प्रेसर आतून तुटला किंवा तेल काळं पडलं, चुकीचं तेल गेलं किंवा कुणी लीक बंद करायचं केमिकल सोडलं तर. ओळखायचं कसं? गॅस काढल्यावर कॉम्प्रेसरचा पाइप उघडायचा, आतलं तेल पांढऱ्या कपड्यावर घ्यायचं आणि उन्हात बघायचं. चांगलं तेल पारदर्शक असतं. माझ्या गाडीचं शाईसारखं काळं होतं, बोटांत चोळलं की बारीक चमचम करणारी पूड लागत होती, राखेसारखी पण खरखरीत.

सगळ्यात पहिलं काम गॅस काढायचं, आणि ते रिकव्हरी मशीनवरच, जी गॅस ओढून टाकीत साठवते. पाइप ढिला करून हवेत सोडून देऊ नका प्लीज. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर १३४ए हा गॅस असतो, तो उणे २६ अंशाला उकळतो, हातावर किंवा डोळ्यात उडाला तर जागच्या जागी गोठवतो, आणि हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. गॉगल आणि हातमोजे शेवटपर्यंत काढायचे नाहीत. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर हे काम घरी करूच नका, त्यांच्या कॉम्प्रेसरला हाय व्होल्टेज असतं आणि तेलही वेगळं लागतं.

आता सगळं सुटं करायचं. इथेच बरेच जण चुकतात, दोन टोकांना पाइप लावून अख्ख्या सिस्टिममधून एकदम लिक्विड मारतात. असं केलं की कचरा एका जागेवरून निघतो आणि पुढच्या बारीक जागेत जाऊन बसतो. कॉम्प्रेसर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) आणि एक्सपान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणारा वॉल्व्ह) यांतून फ्लश कधीच मारायचा नाही. ड्रायर आणि वॉल्व्ह नवेच टाकायचे. बऱ्याच गाड्यांत वॉल्व्ह इंजिनच्या बाजूने फायरवॉलवरच (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) असतो, ॲलन कीने दोन बोल्ट काढले की हातात येतो, काहींत मात्र डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेव्हा त्या हिशोबाने वेळ धरा.

राहिले पाइप, कूलिंग कॉइल आणि कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी, जिथे गरम गॅस थंड होतो). कंडेन्सरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, चुरा निघाला असेल तर नवा घ्या. हल्लीच्या कंडेन्सरमध्ये चपट्या नळ्या असतात नि त्यांच्या आत अगदी बारीक वाटा, समांतर जोडलेल्या, त्यामुळे लिक्विड मोकळ्या वाटेने निघून जातं आणि चोक झालेल्या वाटा तशाच राहतात. बाहेर येणारं लिक्विड स्वच्छ दिसतं आणि आपण फसतो. माझ्या पहिल्या वेळी पैसे वाचवायला जुनाच ठेवला होता.

फ्लश लिक्विड एसीचंच घ्यायचं, जे उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. पेट्रोल, थिनर अजिबात नाही, प्रेशरची हवा आणि पेट्रोलची वाफ म्हणजे भडका उडायला एक ठिणगी पुरे, शिवाय रबरी होज फुगतात. पाणी पण नाही. ढकलायला नायट्रोजन उत्तम, कारण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याची वाफ असते. पण भरलेल्या सिलिंडरमध्ये २००० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास प्रेशर असतं, रेग्युलेटर लावून ते १०० पीएसआयच्या आत आणल्याशिवाय नळी जोडायची नाही.

गॅस नेहमी ज्या दिशेने वाहतो त्याच्या उलट दिशेने लिक्विड भरायचं, म्हणजे अडकलेला कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. १० ते १५ मिनिटं मुरू द्यायचं, दुसऱ्या टोकाला बाटली धरून तोंडाशी पांढरा कपडा बांधायचा आणि नायट्रोजन झटके देत मारायचा. पहिल्या वेळी कपडा काळाकुट्ट. कूलिंग कॉइलला आम्हाला पाच वेळा करावं लागलं, चौथ्या वेळी वाटलं झालं, तर कपड्याच्या घडीत दोन चमकणारे कण दिसले म्हणून परत. कपडा पूर्ण कोरा आल्यावरही २०-३० मिनिटं नुसता नायट्रोजन सोडायचा, कारण लिक्विडचा थेंब आत राहिला तर तो नवं तेल पातळ करतो.

जोडताना प्रत्येक ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग) नवी आणि तेलाचं बोट लावून. ड्रायर सगळ्यात शेवटी उघडायचा, तो हवेतला ओलावा ओढतो. फ्लश केल्यावर सिस्टिममध्ये तेल शून्य असतं म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं पूर्ण तेल परत घालायचं, पण नव्या कॉम्प्रेसरमध्ये आधीच थोडं असतं ते काढून मोजा आणि हिशोब करा. बाटली उघडी ठेवू नका, हे तेलही ओलावा ओढतं.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा नि ओलावा ओढून काढायचा, कमीत कमी ४५ मिनिटं. मुंबईत गेज पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जातो, पुण्यात २८ च्या आतच थांबतो, पंपाचा दोष समजू नका, उंचीवर हवेचा दाबच कमी, दर ३०० मीटरला साधारण एक इंच. पंप बंद करून अर्धा तास काटा बघायचा, शून्याकडे सरकला तर कुठेतरी लीक आहे, गॅस भरायचा नाही.

गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजन करूनच भरायचा, अंदाजाने नाही. गाडी चालू करायच्या आधी कॉम्प्रेसरचा पुढचा क्लच हाताने १०-१२ वेळा फिरवा, म्हणजे आत साचलेलं तेल पुढे सरकतं, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात कॉम्प्रेसर तेलावर दाबला जाऊन तुटू शकतो. पहिली १० मिनिटं इंजिन आयडलवरच ठेवा, ॲक्सिलरेटर दाबू नका.