वावरातल्या कामाला मेडिसिन बॉलची जोड: वजन, पद्धत, चुका

शेतात राबणाऱ्या माणसाला वेगळा व्यायाम कशाला, असं गावात हमखास विचारलं जातं. निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, फवारणीचा १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन चालणं, कट्टे उचलणं ही सगळी कामं पुढे वाकून, संथपणे आणि तासन्‌तास होतात. त्यात ताकद लागते, दमही लागतो. पण पाठ मागे ताणली जात नाही, कंबरेतून वळून जोर लावायची वेळ क्वचित येते आणि हात डोक्यावर पूर्ण सरळ होण्याचं काम तर जवळपास नसतंच. मग चाळिशी आली की खांदे आखडतात, कंबर धरते. मेडिसिन बॉलचा, म्हणजे फेकून व्यायाम करायच्या वजनदार चेंडूचा, खरा उपयोग इथे आहे. तो राहिलेल्या दिशांना आणि वेगानं काम करून घेतो.

वेग महत्त्वाचा का, तेही समजून घ्या. डंबेल हातातून सुटत नाही, त्यामुळे हालचालीच्या शेवटी स्नायूंना स्वतःच ब्रेक लावावा लागतो. बॉल सोडून द्यायचा असतो, म्हणून जोर शेवटपर्यंत लावता येतो. हे लक्षात आलं की जड बॉलचा हट्टही सुटतो.

किती वजनाचा घ्यावा

१२ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना १ ते २ किलो, नव्यानं सुरुवात करणाऱ्या बायकांना २ ते ३, पुरुषांना ३ ते ४, साठीच्या पुढच्यांना १ ते २ किलो पुरे. कट्टा उचलणाऱ्या गड्याला ३ किलोचा बॉल खेळण्यासारखा वाटेल, तरी सुरुवात त्यानंच करा. तपासायची रीत सोपी आहे: जोडीदाराकडे चार पावलांवरून छातीपासून दहा वेळा जोरात फेका. दहावी फेक पहिलीइतक्याच वेगानं गेली तर वजन बरोबर. ती लोंबकळत गेली तर बॉल जड आहे.

बॉल दोन जातींचे असतात, उसळणारे आणि न उसळणारे. टणक रबरी बॉल चांगलाच उसळतो. शिवलेला रेक्झिनचा किंवा जाड आवरणाचा, आत वाळू असलेला बॉल जागेवरच बसतो. जमिनीवर आपटायचा व्यायाम फक्त न उसळणाऱ्या बॉलनं करायचा. रबरी बॉल आपटला तर तो सरळ तोंडावर येतो आणि नाक किंवा दात जातो. विकत घेताना दुकानातच कंबरेच्या उंचीवरून सोडून पाहा.

घरी बनवायचा असेल तर

जुना ५ नंबरचा फुटबॉल घ्या. त्यात साडेपाच लिटरच्या आसपास जागा असते. नुसती कोरडी वाळू ठासून भरली तर तो आठ किलोच्या वर जातो, म्हणजे फेकायला निरुपयोगी. त्यामुळे वाळूबरोबर हलकं काहीतरी लागतं. आरा गिरणीवरचा लाकडाचा भुसा सर्वांत चांगला, भंडारा-गोंदियाकडे धानाचा तूस सहज मिळतो. सोयाबीनचं कुटार वापरायचं असेल तर बारीक करून घ्या, नाहीतर काड्या आवरणाला टोचतात.

वाळू चाळून छतावर दोन दिवस उन्हात वाळवा. ओली वाळू भरली तर भुसा सडतो आणि बॉलला वास येतो. फुटबॉलला शिवणीलगत सात-आठ सेंटिमीटरचा काप द्या आणि आतला ब्लॅडर काढून टाका. तीन किलोच्या बॉलसाठी साधारण पावणेदोन किलो वाळू आणि उरलेल्या जागेत भुसा, असं मिश्रण पाटीत कालवून फनेलनं थोडं थोडं भरा आणि लाकडी दांड्यानं ठासत जा. मधूनमधून किराणा दुकानाच्या काट्यावर वजन बघा. बॉल गच्च भरला पाहिजे. आत जागा राहिली तर वाळू एका बाजूला सरकते आणि फेकताना बॉल हातातच वळतो, मनगट मुरगळतं. शेवटी काप चांभाराकडून मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घ्या आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवा. गिट्टी किंवा लोखंडी तुकडे आत घालू नका, ते शिवण फाडतात आणि झेलणाऱ्याची बोटं मोडतात.

जागा आणि वेळ

काळ्या मातीचं वावर यासाठी नको. उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो, पावसाळ्यात चिखल बॉलला चिकटून त्याचं वजन वाढतं आणि तो हातातून निसटतो. मुरमाचं सपाट मैदान किंवा शाळेचं पटांगण उत्तम. भिंत विटा-सिमेंटची हवी. मातीच्या भिंतीवर मारू नका. पलीकडे फडताळ किंवा मांडणी असेल तर तीही भिंत नको. पायात कॅनव्हासचे बूट हवेत, चप्पल टाच वळवताना घसरते.

मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा सकाळी साडेपाचला सुरू करून सातच्या आत संपवा. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या.

आधी अंग गरम करा

तीन-चार मिनिटं हळू धावा. मग दोन्ही हात मोठ्या गोलात पुढे-मागे दहा-दहा वेळा फिरवा आणि बिनवजनी दहा बैठका मारा. त्यानंतर बॉल कंबरेभोवती आणि पाय फाकवून दोन्ही पायांमधून आठाच्या आकड्यात फिरवा, दोन्ही दिशांना. एकूण आठ ते दहा मिनिटं. थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, हे बारा मिनिटांवर न्या.

बाजूची फेक

एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा.

भिंतीला डावी बाजू करून उभे राहा. न उसळणारा बॉल असेल तर भिंत एक मीटरवर, उसळणारा असेल तर दोन मीटरवर. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा, टोंगळे (गुडघे) किंचित वाकवा. बॉल दोन्ही हातांत, उजव्या मांडीच्या सांध्याजवळ. वजन उजव्या पायावर घ्या. आता फेकताना क्रम पाळा: आधी उजव्या पायाची टाच उचलून चवड्यावर पाय भिंतीकडे वळवा, त्याबरोबर कुल्हे वळतील, मग छाती, आणि हात सगळ्यांत शेवटी. बॉल बेंबीच्या उंचीवरून सुटला पाहिजे. फेक झाली तेव्हा तुमची बेंबी समोरच्या भिंतीकडे आणि उजवी टाच वर असेल तर क्रम बरोबर जमला. प्रत्येक बाजूला सहा फेका.

यात सर्वाधिक चूक टाच जमिनीला चिकटून राहण्याची होते. पाय वळला नाही तर पिळ टोंगळ्यावर आणि कंबरेच्या मणक्यांवर येतो. कंबरेचे मणके फार कमी वळतात, वळण्याचं काम कुल्ह्याचे सांधे आणि छातीमागची पाठ यांचं आहे. दुसरी चूक म्हणजे नुसत्या हातांनी फेकणं. ही कानानं ओळखता येते: अंगातून आलेली फेक भिंतीवर एकच दणका देते, हातातून आलेली थपकन लागते. तिसरी, पुढचा टोंगळा आत पडणं. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच ठेवा.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं काम १९१४ पासून चालू आहे. अशा संस्थांमुळे मुद्गल, लाठी, मल्लखांब आपल्याकडे नवे नाहीत. मुद्गल फिरवण्याची सवय असलेल्यांना ही फेक लवकर जमते, कारण हात सैल ठेवून वजन कंबर आणि पायांनी वळवायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

मागे फेक

मोकळं मैदान हवं. मागे पोरं नाहीत, गुरं नाहीत, हे प्रत्येक फेकीआधी वळून बघा. पाठ मोकळ्या बाजूला करा. बॉल सरळ हातांनी दोन्ही टोंगळ्यांच्या मध्ये, कुल्हे मागे नेलेले, पाठ सपाट. तिथून एकदम उभे राहत बॉल डोक्यावरून मागे भिरकावा. उंची आणि लांबी दोन्ही मिळायला हवीत. हात कपाळाच्या वर, किंचित पुढे असतानाच बॉल सोडा. त्याआधी सोडला तर तो सरळ वर जाऊन डोक्यावर पडतो, उशिरा सोडला तर मागे खाली आपटतो आणि कंबर मागे मोडते. पाच फेका, प्रत्येकीनंतर चालत जाऊन बॉल आणा. ते चालणंच विश्रांती आहे.

दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना हा व्यायाम विशेष द्यावा, कारण कुल्हे आणि पाठ सरळ करणारे स्नायू यात वेगानं आकुंचन पावतात.

बाकीचे

छातीपासून फेक: जोडीदार तीन-चार मीटरवर, एक पाऊल पुढे टाकत आठ फेका. झेलताना बोटं फाकवा, अंगठे बॉलकडे रोखू नका, कोपरं वाकवून बॉल छातीकडे ओढत घ्या. अंगठा मुरगळतो तो इथेच.

बैठक आणि वर दाब: बॉल छातीशी धरून बैठक मारा, उठताना तोच जोर वापरून बॉल डोक्यावर न्या. दहा वेळा. टाचा उचलल्या जात असतील तर कमी खोल बसा.

आपटणं: न उसळणारा बॉल डोक्यावर नेऊन, चवड्यांवर उंच होऊन, पायांपासून हातभर पुढे आपटा. बॉल उचलताना पाठ गोल करू नका, बैठकीत बसून उचला. हात वर नेताना खांदा दुखत असेल तर छातीपासून आपटा.

पूल: पाठीवर झोपून टोंगळे वाकवा, त्यांच्यात बॉल दाबून धरा, कुल्हे वर उचला, तीन आकडे थांबा. बारा वेळा. कंबर दुखणाऱ्यांनी सुरुवात यानंच करावी.

कुठल्याही व्यायामात श्वास कोंडायचा नाही. बॉल सुटताना तोंडानं सोडायचा.

लवचिकपणा शेवटी

अंग गरम असतानाच ताण द्या. पाय फाकवून जमिनीवर बसा आणि बॉल समोर हळूहळू लोटत जा, पाठ लांब ठेवून. ताण जाणवला की २० ते ३० सेकंद थांबा. मग एक टोंगळा जमिनीवर टेकवून अर्धं बसा, बॉल डोक्यावर धरा, टेकवलेल्या बाजूचा कुल्हा पुढे सरकवा आणि पुढच्या पायाच्या बाजूला किंचित झुका. मांडीच्या वरचा भाग आणि बरगडी दोन्ही मोकळ्या होतात. प्रत्येक बाजूला दोनदा. हिसके देऊ नका.

आठवड्याची आखणी

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोन फेरे, नंतर तीन. दोन फेऱ्यांत मिनिट-दीड मिनिट विश्रांती. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. फेकीचा वेग पडला की तिथेच थांबा. थकून केलेल्या शंभर फेकांपेक्षा दमदार चाळीस फेका अंगाला तरतरी देतात आणि त्यानंतर वावरात जायची ताकद शिल्लक राहते.

ऑक्टोबर ते जानेवारी वेचणीचे दिवस. तेव्हा फेरे निम्मे करा, मागे फेक आणि पूल मात्र सोडू नका. कट्टे वाहिले त्या दिवशी आपटणं नको. फवारणी केली त्या दिवशी व्यायामच नको. फवारणीनंतर डोकं दुखणं, मळमळ, धूसर दिसणं किंवा लाळ सुटणं यातलं काही झालं तर औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, सरकलेला मणका, निखळलेला खांदा, नुकतंच बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम करताना पायात मुंग्या येणं किंवा कळ खाली उतरणं म्हणजे त्या दिवसाचा व्यायाम संपला, आणि डॉक्टरांकडे जायचं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

गोळा मुलांना ७.२६० किलोचा आणि मुलींना ४ किलोचा असतो. म्हणून अनेकजण रोज गोळाच फेकतात आणि मनगट, कोपर दुखवून घेतात. आठवड्यातून दोन दिवस गोळा, दोन दिवस बॉल असं वाटून घ्या. बॉलच्या दिवशी मुलांनी ३ ते ४ किलोचा, मुलींनी २ किलोचा घ्यावा. मागे फेक पाच, बाजूची फेक प्रत्येकी सहा आणि छातीपासून उभ्यानं फेक सहा, तीन फेरे. मागे फेकीचं अंतर दर पंधरा दिवसांनी टेपनं मोजून वहीत लिहा. ते वाढत असेल तर पायांचा स्फोटक जोर वाढतो आहे. गोळ्याचं अंतर तरीही वाढत नसेल तर दोष तंत्रात आहे, तो बॉलनं सुटणार नाही. तिथे गोळा मानेला टेकवण्याची जागा आणि कोपराची उंची प्रशिक्षकाला दाखवा.

वजन केव्हा वाढवायचं

दोन आठवडे सलग शेवटच्या फेऱ्यातली शेवटची फेकही पहिलीइतकी वेगानं जात असेल तर अर्धा ते एक किलो वाढवा. घरच्या बॉलची शिवण उसवून थोडा भुसा काढा आणि तितक्या जागेत वाळू भरा. वाढवलेल्या वजनानं वेग पडला तर फेकांसाठी पुन्हा हलका बॉल घ्या. जड बॉल बैठकीसाठी आणि पुलासाठी ठेवा, पुलात तो टोंगळ्यांमध्ये न धरता ओटीपोटावर ठेवून.