मुंबई ते न्यूयॉर्क: किती अंतर, किती तास, आणि तारखेचं काय

मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवायचे. आता लेक न्यूजर्सीत असते, त्यामुळे पहिल्यांदा मुलांकडे निघालेले ओळखीपाळखीचे आईवडील माझ्याकडेच चौकशीला येतात. त्यांना मी हिशेब स्वतःच करायला लावते. एकदा तो कळला की मनातली धाकधूक बरीच कमी होते.

अंतरासाठी भिंतीवरचा नकाशा नको, नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्ताचा पूर्ण वेढा म्हणजे जवळपास 40,000 किमी. गोल 30 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किमी. मुंबई ते न्यूयॉर्क दोरा घट्ट ताणा. साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल, म्हणजे साधारण साडेबारा हजार किमी. दोरा कुठून जातो तेही पाहा: मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, नॉर्वे, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून! नकाशावर आडवी रेघ मारणाऱ्याला हा रस्ता कधीच सापडत नाही. विमान मात्र नेमकं याच रेघेवरून जातं असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडची बरीच उड्डाणं वळसा घालून लांबली.

ताशी 900 किमी धरून भागाकार करा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा: साडेचौदाच्या आसपास. आता वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून जाताना साडेपंधरा-सोळा तास, येताना त्याहून तास-दीड तास कमी धरा.

खरा घोळ होतो तो तिकिटावरच्या वेळांचा. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा, सुटण्याची वेळ 15 जून, 01:30 आणि पोचण्याची 15 जून, 07:30. सहाच तास? नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. 07:30 मध्ये साडेनऊ मिळवा, आपल्याकडचे संध्याकाळचे पाच होतात. दीड ते सतरा, म्हणजे साडेपंधरा तास.

आणि हे 15 जूनचे 01:30 म्हणजे 14 तारखेचं जेवण आटोपून, त्याच रात्री विमानतळावर हजर व्हायचं! आपण "पंधराच्या रात्री" म्हणतो आणि विमान आदल्या रात्रीच निघून गेलेलं असतं. कॅलेंडरवर 14 च्या चौकोनात लाल शाईने लिहा, "रात्री साडेनऊला विमानतळ". साताऱ्याहून येणाऱ्यांनी 14 ला दुपारीच घर सोडावं, घाटात गाडी अडकली तरी जीव टांगणीला लागत नाही.

रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या प्रवासात कशा घ्यायच्या हे डॉक्टरांना आधी विचारा, आणि विचारताना हे साडेपंधरा तास आणि साडेनऊ तासांचा फरक, दोन्ही सांगा. तिकीट डिसेंबर-जानेवारीचं असेल तर फरक साडेदहा तासांचा धरायचा. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात.