नागपूरहून ओडिशा : समुद्र, डोंगर आणि अभयारण्ये यांच्या प्रवासाची आखणी

नागपूरकराला समुद्र पाहायचा म्हटले की पहिले नाव कोकणाचे किंवा गोव्याचे निघते. पूर्वेकडचा ओडिशाचा किनारा त्या मानाने कमी आठवतो. वास्तविक १७५१ पासून १८०३ पर्यंत या किनारपट्टीवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोर आज जो अरुणस्तंभ दिसतो, तो त्याच मराठी अमलात कोणार्कहून तेथे आणला गेला. समुद्र, डोंगर आणि वन्यजीव या तिन्ही गोष्टी आठ-नऊ दिवसांत बघता येतील असा हा प्रदेश आहे. मात्र त्याची आखणी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आधी शाळेची सुट्टी आणि मग ठिकाणे अशा क्रमाने केली, तर नेमके पाहण्यासारखे तेच हातून निसटते. येथे आधी प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे वेळापत्रक पाहावे आणि त्यानंतर आपली रजा ठरवावी.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाकावी. ताडोबा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ज्यांच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर आहेत, त्यांनी वाघासाठी ओडिशाला जाऊ नये. मयूरभंज जिल्ह्यातील सिमलीपाल हे अरण्य काळसर पट्ट्यांच्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे, पण ते राज्याच्या उत्तर टोकाला आहे, तेथील दाट जंगलात वाघ दिसण्याची शक्यता ताडोबाच्या तुलनेत फारच थोडी आहे आणि पावसाळ्यात ते बंद असते. बरेहीपाणी आणि जोरंडा या धबधब्यांसाठी तेथे स्वतंत्र सहल करावी, ते या प्रवासात कोंबू नये. विदर्भात जे अजिबात दिसत नाही ते पाहणे, म्हणजे खाऱ्या पाण्यातील मगर, इरावडी डॉल्फिन, समुद्री कासव आणि लाखोंच्या संख्येने उतरणारे पाणपक्षी पाहणे, हा या प्रवासाचा खरा हेतू असावा.

कोणत्या महिन्यात जावे

आपल्याकडे मोठी सुट्टी मे-जूनमध्ये मिळते आणि विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे बहुतेक कुटुंबे मे महिन्याचाच विचार करतात. या प्रवासासाठी तो महिना सर्वांत गैरसोयीचा आहे. भितरकनिका हे राष्ट्रीय उद्यान मगरींच्या विणीच्या काळात, १ मे ते ३१ जुलै, पर्यटकांसाठी बंद असते. चिलिका सरोवरावरचे स्थलांतरित पक्षी तोवर परत गेलेले असतात. आणि किनाऱ्यावरची दमट उष्णता नागपूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसालाही थकवते. आषाढातील रथयात्रा हे पुरीला जाण्याचे थोर निमित्त आहे, परंतु त्या गर्दीत निसर्गदर्शनाचा बेत जोडू नये.

दिवाळीच्या सुट्टीचा मोह होतो, तेव्हा वादळांचा विचार करावा. बंगालच्या उपसागरातील मोठी चक्रीवादळे बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. २९ ऑक्टोबर १९९९ चे महाचक्रीवादळ आणि १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपालपूरजवळ धडकलेले ‘फायलिन’ ही त्याची उदाहरणे आहेत, तर २०२४ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस ‘दाना’ थेट भितरकनिका आणि धामरा यांच्या दरम्यान जमिनीवर आले. या दिवसांत जायचेच असेल, तर निवासाचे पैसे परत मिळण्याच्या अटी आधी वाचाव्यात आणि निघण्यापूर्वीचा आठवडाभर हवामान विभागाचे अंदाज पाहत राहावे.

माझ्या मते डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वोत्तम आहे. जानेवारीच्या सुरुवातीला मगरींच्या गणनेसाठी भितरकनिका काही दिवस बंद ठेवले जाते, त्यामुळे नववर्षाच्या आठवड्यात तेथे पोहोचण्याचा बेत असेल तर त्या वर्षीच्या तारखा पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये.

तिकिटे आणि मार्ग

नागपूरहून गोंदिया-रायपूरमार्गे ओडिशाच्या किनाऱ्याकडे रेल्वेगाड्या जातात आणि प्रवासाला एक रात्र व दिवसाचा बराच भाग लागतो. रायपूरनंतर हा रस्ता दोन वाटांनी फुटतो. काही गाड्या संबलपूर-अंगुलकडून भुवनेश्वरला पोहोचतात, तर काही रायगडा-विजयनगरमकडून खाली उतरून ब्रह्मपूरमार्गे वर येतात. हा फरक नुसता वेळापत्रकापुरता नाही, त्यावर संपूर्ण प्रवासाचा क्रम बेतता येतो. जाताना भुवनेश्वरला उतरावे, उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत यावे आणि परतीची गाडी ब्रह्मपूरहून पकडावी, म्हणजे एकाच रस्त्याने मागे येण्यात एक दिवस वाया जात नाही. यांपैकी बऱ्याच गाड्या आठवड्यातील ठरावीक वारीच धावतात, म्हणून परतीचा वार आधी निश्चित करून तेथून उलटे दिवस मोजत यावे.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. डिसेंबरच्या प्रवासाची तिकिटे त्यामुळे ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन दसरा-दिवाळीच्या धामधुमीत काढावी लागतात. ती तारीख दिनदर्शिकेवर आधीच खूण करून ठेवावी. वनविभागाच्या निसर्ग शिबिरांतील खोल्या थोड्या असतात, म्हणून रेल्वेचे तिकीट पक्के झाल्याच्या दिवशीच त्यांचेही ऑनलाइन आरक्षण करावे. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र सोबत असावे.

भितरकनिका आणि चिलिका

भुवनेश्वरला उतरल्यावर समुद्राच्या ओढीने लगेच पुरीला न जाता आधी भितरकनिका गाठावे, कारण प्रवासातील सर्वांत दूरचा आणि नाजूक वेळापत्रकाचा टप्पा हाच आहे. गुप्ती किंवा खोला या ठिकाणांहून बोटीने आत जाता येते आणि दांगमाळ येथे मुक्काम करता येतो. ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांच्या मुखाशी पसरलेल्या या कांदळवनात १९७५ साली मगर संवर्धनाचे काम सुरू झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यातील मगरी शंभराच्या आत उरल्या होत्या. आता वार्षिक गणनेत त्या अठराशेहून अधिक भरतात. ओडिया लोक या मगरीला ‘बौला’ म्हणतात. आपल्याकडच्या नद्या-धरणांतील मगरीपेक्षा ती कितीतरी मोठी आणि आक्रमक असते, म्हणून बोटीबाहेर हात सोडणे, चिखलात उतरणे किंवा काठावर बसून पाय धुणे यांतले काहीही करू नये आणि मुलांना हे आदल्या रात्रीच समजावून सांगावे.

येथे एका रात्रीऐवजी दोन रात्री राहावे, असे मी आवर्जून सांगेन. हिवाळ्यात मगरी अंग शेकण्यासाठी उघड्या चिखलावर येऊन पडतात, आणि चिखल उघडा पडतो तो ओहोटीला. बोट ठरवताना ‘सकाळी किती वाजता’ असे न विचारता ‘ओहोटी किती वाजता’ असे विचारावे. एकच दिवस हाती असेल आणि त्या दिवशी भरतीची वेळ बरोबर सकाळी आली, तर काठोकाठ भरलेले पाणी आणि हिरवी झाडी पाहून परतावे लागते.

चिलिका हे आशियातील सर्वांत मोठे निमखाऱ्या पाण्याचे सरोवर आहे आणि ते ऋतुमानानुसार साधारण नऊशे ते साडेअकराशे चौरस किलोमीटर पसरते. १९८१ साली भारतातील पहिल्या रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, त्याची नोंद झाली. पुढे गाळाने त्याचे समुद्राकडील तोंड बुजत गेले, पाण्याचा खारेपणा घटला, मासे कमी झाले, आणि २००० साली नवे मुख खोदून दिल्यावर सरोवर सावरले. एवढ्या मोठ्या पाण्याला ‘चिलिका पाहिले’ असे एका फेरीत म्हणता येत नाही, म्हणून काय पाहायचे आहे त्यावरून काठ निवडावा. डॉल्फिनसाठी पुरीपासून सुमारे ५० किलोमीटरवरील सातपाडा येथे जावे. इरावडी डॉल्फिनचे डोके गोल असते, त्याला चोच नसते आणि तो चित्रांतल्या डॉल्फिनसारखा उंच उड्या मारत नाही. पाठीचा करडा भाग क्षणभर वर येतो आणि दिसेनासा होतो. ज्यांना हे ठाऊक नसते ते निराश होऊन नावाड्याला बोट जवळ घ्यायला लावतात, आणि इंजिनाच्या पात्यांनी या दुर्मीळ प्राण्याला इजा होते. नावाड्याला निघतानाच सांगावे की, इंजिन बंद करून थांबायचे आहे, पाठलाग करायचा नाही.

पक्ष्यांसाठी मंगळाजोडी हे गाव निवडावे. येथील अनेक जण पूर्वी पक्ष्यांची शिकार करीत, आणि आज तीच माणसे वल्हे-बांबूने चालणाऱ्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात व पाणथळीची राखण करतात. होडी इंजिनाची नसल्याने तलवार बदके आणि चक्रवाक अगदी जवळून दिसतात. २०२५ च्या जानेवारीतील गणनेत संपूर्ण चिलिकावर अकरा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले. पहाटेची फेरी घ्यावी, दुर्बीण न्यावी आणि भडक कपडे टाळावेत.

पुरी, कोणार्क आणि कासवांचा किनारा

पुरीला दोन रात्री पुरतात. कोकणात आपण समुद्रावर सूर्यास्त पाहतो, येथे सूर्योदय पाहावा. मात्र पुरीचा समुद्र कोकणातील खाडीकाठासारखा नाही. परतणाऱ्या लाटेची ओढ जबर असते, म्हणून टोकदार टोपी घालणाऱ्या नोलिया कोळ्यांच्या देखरेखीखालीच पाण्यात उतरावे. जगन्नाथ मंदिरात केवळ हिंदूंना प्रवेश आहे, मोबाईल व कातडी वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. सोबत अन्य धर्माचे स्नेही असतील तर हे त्यांना आधीच सांगावे. मंदिराच्या आवारातील आनंदबाजारात मिळणारा महाप्रसाद कांदा-लसणाविना शिजवलेला असतो. कोणार्कचे तेराव्या शतकातील सूर्यमंदिर ३५ किलोमीटरवर आहे आणि तेथे सकाळी लवकर गेल्यास ऊन व गर्दी दोन्ही टळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गंजाम जिल्ह्यातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवे सामूहिक अंडी घालतात. त्याची तारीख कोणीही आधी सांगू शकत नाही आणि काही वर्षी तो सोहळा होतच नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी प्रवास बेतू नये. योग आलाच तर वनरक्षक सांगतील तेथेच उभे राहावे आणि विजेरी किंवा मोबाईलचा उजेड पाडू नये. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि चुकीच्या उजेडामुळे समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात.

दारिंगबाडी आणि परतीची वाट

डोंगरांबाबत अपेक्षा योग्य ठेवावी. कंधमाळ जिल्ह्यातील दारिंगबाडीला ‘ओडिशाचे काश्मीर’ म्हणतात, पण त्याची उंची सुमारे ९०० मीटर आहे आणि आपले चिखलदरा त्याहून उंच आहे. तेथे जावे ते कॉफी व काळ्या मिरीचे मळे, पाइनची राने आणि आदिवासी गावांतील शांतता यांच्यासाठी. डिसेंबरच्या रात्री पारा फार खाली उतरतो, म्हणून किनाऱ्यावरच्या सुती कपड्यांसोबत एक जाड स्वेटर प्रत्येकाने घ्यावा. डासांपासून संरक्षणाची सोयही असावी. ब्रह्मपूरहून आस्का-सोरडामार्गे हा रस्ता तीन ते चार तासांचा आहे, आणि आस्क्याजवळच्या भेतनोई परिसरात थोडी वाट वाकडी केल्यास शेतांत निर्भयपणे चरणारे काळवीट दिसतात, कारण तेथील गावकरी पिढ्यान् पिढ्या त्यांना जपत आले आहेत.

कंधमाळची हळद २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. ती घ्यायची तर दारिंगबाडीच्या बाजारात घ्यावी. परतीच्या दिवशी घाट दिवसाउजेडी उतरावा आणि गाडी रात्रीची असली तरी दुपारपर्यंत ब्रह्मपूर गाठावे, कारण घाटात धुके उतरले की तीन तासांच्या रस्त्याला किती वेळ लागेल ते चालकालाही सांगता येत नाही.