तबकडी धुण्याआधी ती कशाची आहे ते बघा

सांगलीतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर नाट्यसंगीताच्या तबकड्या अजून सापडतात. पुसायला घेण्याआधी एवढं पाहाच: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड, ठिसूळ तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावलं की लाख विरघळते, आणि त्या खाचांमधलं गाणं कायमचं जातं. लवचीक एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी नंतरची तबकडी, व्हिनाइल या प्लास्टिकची.

दोन्हींना चालतं ते साधं मिश्रण: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या द्रव साबणाचा एकच थेंब. बोअरचं पाणी नकोच. ते वाळलं की क्षार खाचांत बसतात आणि तबकडी जास्तच खरखरते. मऊ मायक्रोफायबर कापड ओलं करून खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून ताटाळ्यात उभी, सावलीत वाळवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात एलपी बघता बघता वाकते.

पुराचा गाळ बसला असेल तर तो कोरडा मुळीच खरवडू नका, त्यातली बारीक वाळू खाचा कापते. ओल्या कापडानं सैल करा, हलकेच टिपून घ्या. लाखेची तबकडी मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका. आणि ७८ ला तिची जाड सुईच लावा.